बारा वर्षांच्या आत बगदाद

परवा फोनवर तुम्ही दोघांनी तुमचा बेत मला सांगितलात. व्हिसा सहजासहजी न देणारा देश, थेट विमान नाही, शेवटची सरहद्द गाडीने ओलांडायची, टूर कंपनी नको आणि सगळं बेताच्या खर्चात बसवायचं. मग तुम्ही विचारलंत, "आजी, तू कधी असा प्रवास आखला होतास का गं?" मी म्हटलं, "छे, आमच्या वेळी कुठलं असलं!" मी खोटं बोलले होते. मी असा प्रवास आखला होता, चांगली तीन वर्षं. जायचं होतं बगदादला, आणि जाणार होतो आम्ही दोघी, दोघीही साठीच्या.

फोनवर हे सांगणं मला जमलं नसतं, म्हणून लिहिते आहे.

दुसरी म्हणजे सापगावची मोठी आजी, माझ्या थोरल्या जाऊबाई. तुम्ही तिला पाहिलं आहे, पण आठवत नसेल. तेव्हा मी शहापूरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होते. तुमचे आजोबा लवकर गेले, तुमची आई शिकायला बाहेर पडली आणि तिकडचीच झाली. मी शहापुरात दोन खोल्यांत एकटी. नदीपलीकडे सापगावला आजोबांचे थोरले भाऊ आणि जाऊबाई राहायचे. भाताची शेती, परसात वाल आणि काकड्या. त्यांना एकच मुलगा. तो आयटीआय करून फिटर झाला आणि अठ्ठ्याऐंशी साली इराकला कामाला गेला. बगदादजवळ कसल्याशा कारखान्याचं बांधकाम चाललं होतं. त्याची पत्रं माझ्या पत्त्यावर यायची, कारण सापगावचा पोस्टमन आठवड्यातून मन मानेल तेव्हा जायचा. बाजाराच्या दिवशी जाऊबाई भाजीची पाटी घेऊन शहापूरला यायच्या, पाटी रिकामी झाली की माझ्याकडे येऊन बसायच्या आणि मी पत्र वाचून दाखवायची. काही मजकूर त्या दोनदा वाचायला लावायच्या, खास करून जेवणाचा.

नव्वद साली कुवेतची लढाई झाली आणि तिकडची आपली माणसं परत येऊ लागली. आमच्या मुलाबरोबर मुरबाडचा एक वेल्डर कामाला होता. तो भाद्रपदात परत आला आणि घरी जाण्याआधी सापगावला आला. ओटीवर बसून, कपातला चहा तसाच ठेवून त्याने जे सांगितलं ते मला शब्द न् शब्द आठवतं.

"पासपोर्ट आमचे सगळ्यांचे कंपनीच्या हापिसात, मावशी. माझा मिळाला. ह्याचा रिन्यूला गेलेला. मला बोलला, तू हो पुढं, मी उद्याच्या गाडीनं येतो. मी सरहद्दीपल्याड अम्मानला चार दिवस थांबलो. रोज गाड्या यायच्या. रोज जाऊन बघायचो. नाय आला तो."

त्यानंतर ना पत्र, ना निरोप. मग पुढची लढाई झाली, विमानं बंद झाली, सगळंच बंद झालं. मी इंग्रजीत अर्ज लिहिले, दिल्लीला, मुंबईला, परदेशातल्या मदत संस्थेला. दोन ठिकाणांहून उत्तरं आली. अशा नावाच्या व्यक्तीची नोंद आढळत नाही, असं त्यांत होतं. जाऊबाईंना मी ते जसं होतं तसंच वाचून दाखवलं. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, चौकशी चालू आहे. मी तशी नव्हते. शाळेतही मी कुणाचा अर्धा गुण वाढवला नाही.

आता आमच्या घराण्याची एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. घरातलं माणूस परागंदा झालं आणि त्याचं काहीच कळलं नाही, तर बारा वर्षं वाट पाहायची. बारा वर्षं पुरी झाली की पळसाची तीनशेसाठ पानं आणायची, त्यांचा माणूस करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि नदीवर नेऊन त्याला अग्नी द्यायचा. मग सुतक, दहावं, बारावं, सगळं रीतसर. त्यानंतर तो माणूस मेला. पितृपक्षात त्याच्या नावाने पान वाढायचं.

आमच्या थोरल्या दिरांनी पहिल्याच वर्षी भावकीसमोर सांगितलं होतं, "बारा वर्सं. एक दिस कमी नाय, एक दिस जास्त नाय." त्यांचा स्वभाव कठोर नव्हता. पण भावकीत कुणाचं मूल दगावलं, कुणाची म्हैस गेली, कुणाचं लग्न मोडलं, की कुणीतरी हळूच म्हणायचंच, "त्याचं राहिलंय ना." दीर ते ऐकून घ्यायचे. भाद्रपद आला की पितरांच्या पानांत त्याचं पान वाढायचं की नाही, हे त्यांना कळायचं नाही. ते म्हणायचे, "जिताबी नाय, मेलाबी नाय. मी त्याला ठिवू कुठं?"

जाऊबाईंचं म्हणणं एकच होतं. एकदा पानं जाळली की संपलं. "मंग तो दारात हुबा राह्यला तरी भूत म्हनूनच येनार. त्याच्या आधी मला तिकडं जायाला पायजे."

नव्याण्णव साली मी निवृत्त झाले. निरोप समारंभाचा हार अजून खुंटीवर होता आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी जाऊबाई हजर.

"सुटलीस ना शाळंतून?"

"सुटले."

"मंग चल."

"कुठे?"

"बगदादला. तुला इंग्रजी येतं. मला तो वळखता येतो. आजून काय लागतं?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत. "मला नकाशा दाव," म्हणाल्या. मी शाळेचा जुना ॲटलास काढला. मुंबईवर त्यांचं एक बोट ठेवलं, बगदादवर दुसरं. त्यांनी वीतभर अंतर पाहिलं, मान हलवली.

"हे तर मुरबाडपरीस जवळ दिसतंय गो. उगा घाबरवत्यात लोकं."

त्या दिवशी मी एक लाँगबुक विकत आणली आणि पहिल्या पानावर रकाने आखले. तुम्ही आता जे संगणकावर करता, ते मी त्या वहीत केलं. मार्ग, कागदपत्रं, राहणं, खाणं, औषधं, चौकशीची ठिकाणं. वही चांगली झाली होती. प्रवास झाला नाही, तरी ती वही मी आजही कुणाला दाखवू शकेन, इतकी ती व्यवस्थित आहे. तिचा मला राग येतो.

मार्गासाठी आम्ही मुरबाडला गेलो. किन्हवलीवरून जाणारी एसटी, खड्ड्याखड्ड्यांतून. वेल्डरने तिथे ग्रिलचं दुकान टाकलं होतं. त्याने आम्हाला दोन खुर्च्या दिल्या, एक पत्रा आडवा केला आणि खडूने त्यावर रस्ता काढला. इथे अम्मान. विमान इथपर्यंतच जातं. उतरल्यावर टॅक्सीच्या अड्ड्यावर जायचं. अख्खी गाडी करायची नाही, सीटवर बसायचं, स्वस्त पडतं. मग वाळवंट. मग सरहद्द.

"सरहद्दीवर तपासायला रक्त काढतात, बाई. परदेशी मानसाचं. सुई तीच तीच वापरतात, असं नंतर आलेली पोरं सांगतात. आपली सुई आपन न्यायची. एकाला दोन."

मी वहीत लिहिलं, सुया, चार.

"आनि भीती वाटली तरी रडायचं नाय, मावशी. तिथला शिपाई रडनाऱ्याला बाजूला बसवतो."

"मी कशाला रडू?" जाऊबाई म्हणाल्या. "मी काय शेळी चोरलीय त्याची?"

तो हसला. मग त्याने त्यांना तीन शब्द शिकवले. पाणी, भाकरी, हळू, आणि एक पूर्ण वाक्य. वेन इब्नी. माझा मुलगा कुठे आहे. "हे तिथं कुनालाबी इचारा. बाईमानसानं इचारलं तर थांबतात लोकं." जाऊबाई परतीच्या एसटीत तेच पुटपुटत होत्या. शेजारच्या बाईने विचारलं, "कंचा मंत्र हाय मावशी?" त्या म्हणाल्या, "हाय एक."

अजून एक गोष्ट तो बोलला होता. बगदादमध्ये एका मोठ्या पिराचा दर्गा आहे. हरवलेल्या माणसांच्या आया-बायका तिथे येऊन बसतात. पहिलं तिथे जा. "आपल्या मलंगबाबावानी?" जाऊबाईंनी विचारलं. "त्याच्याहून मोठा, मावशी." जाऊबाईंचं माहेर मलंगगडाच्या पायथ्याचं. लहानपणापासून त्या गड चढल्या होत्या, मुलाच्या जन्माआधी तिथे नवस बोलल्या होत्या. मला हे माहीत होतं. तरीही मी वहीत 'चौकशीची ठिकाणं' या रकान्यात दर्ग्याचं नाव लिहिलं आणि खाली रेघ मारली.

पासपोर्टला एक वर्ष गेलं. जाऊबाईंना जन्मतारीख नव्हती. "मोठ्या पुराच्या साली, भात पोटरीत असताना," एवढंच त्यांना ठाऊक. तहसील कचेरीत प्रतिज्ञापत्र करावं लागलं. सही येत नव्हती. अंगठा चालला असता, पण मी म्हटलं, सही करायचीच. दर बाजाराच्या दिवशी तासभर, पाटीवर, मग कागदावर. त्या अक्षरं काढायच्या ती लिहिल्यासारखी नाही, रोप लावल्यासारखी, एकेक करून, वाकून. तिसऱ्या महिन्यात सही जमली. मला फार अभिमान वाटला होता.

पासपोर्टच्या चौकशीला हवालदार सापगावला गेला. ओटीवर बसून त्याने विचारलं, "कुठं निघालात आजी?"

"बगदादला."

"तिथं कोन हाय?"

"ल्योक हाय."

"बोलावून घ्या की त्यालाच. ह्या वयात कुठं जाता?"

"तू बोलाव," जाऊबाई म्हणाल्या. "तुझ्याकडं शिट्टी हाय."

गावात टवाळी सुरू झाली. येताना खजूर आणा, उंट आणा. दीर मात्र काही बोलत नसत. एकदाच मला म्हणाले, "मास्तरीण, तू नेतेस तर ने. पन बारा वर्सं झाली की मी थांबनार नाय. भावकीला सबूद दिलाय."

"त्याच्या आत जाऊन येऊ, दादा," मी म्हटलं. दोन हजार एकचा मार्च होता तो. दीड वर्ष हातात होतं.

सामानाची यादी मी स्वतः केली, वेगळ्या कागदावर, जाऊबाईंच्या पेटीत ठेवायला. तांदळाचं पीठ, भाजलेलं. सुकट, घट्ट डब्यात, आणि त्यावरून आमचं भांडण झालं, कारण विमानात वास सुटेल असं मला वाटत होतं. "सुटू दे. भुकेला मानूस वास नाय बघत," त्या म्हणाल्या. लोकरीचे मोजे, मलम, चार सुया. जाऊबाईंनी त्यांची पत्र्याची पेटी उघडली तेव्हा त्यात नवंकोरं हिरवं कापड होतं, कडेला जर. मी यादीत लिहिलं, शाल, एक. वाळवंटात गारठा असतो असं वेल्डर म्हणालाच होता. ते कापड कशासाठी आणलं, हे मी विचारलं नाही. यादीच्या ओळी भरभर पुऱ्या होत होत्या आणि मला बरं वाटत होतं.

व्हिसासाठी मुंबईला एका वृद्ध एजंटाकडे गेलो. तो दरवर्षी यात्रेकरूंचे जथे करबला आणि बगदादला नेत असे. जथ्याबरोबर गेलं तर खर्च फार होता, म्हणून आम्ही फक्त व्हिसाचं काम त्याच्यावर सोपवणार होतो. भला माणूस. त्याने जाऊबाईंना पंख्याखाली बसवलं, सरबत दिलं. फॉर्म माझ्या हातात देताना म्हणाला, "बाई, प्रवासाचं कारण म्हणून जियारत लिहा. दर्ग्याचं दर्शन. दर्गा सगळ्यांचा असतो."

मी म्हटलं, "आम्ही यात्रेला जात नाही आहोत. मुलाला शोधायला जातो आहोत."

"ते तिथे गेल्यावर. कागदावर नको."

जाऊबाई पंख्याखाली होत्या, ऐकण्याच्या टापूत नव्हत्या. रस्त्यावरचा गोंगाट आत येत होता. मी फॉर्म घेऊन शहापूरला आले.

दोन दिवसांनी टेबलाशी बसून मी दोन्ही फॉर्म भरले, सुवाच्य इंग्रजीत, खाडाखोड न करता. प्रवासाच्या कारणाच्या रकान्यापाशी मी थांबले. खोटं कारण लिहून परक्या देशात शिरणं मला लाजिरवाणं वाटलं. आणि, आता लिहितेच आहे तर हेही लिहिते, मला वाटलं की खरं आणि नीट लिहिलेलं वाक्य वाचून तिथला अधिकारी विरघळेल. माझ्या इंग्रजीवर माझा विश्वास होता. मी लिहिलं, नव्वद सालापासून बेपत्ता असलेल्या माझ्या एकुलत्या मुलाचा शोध घेण्यासाठी. माझ्या फॉर्मवर लिहिलं, वरील स्त्रीला सोबत म्हणून. जाऊबाईंनी खाली सही केली, एकेक अक्षर लावत. काय लिहिलंय, हे त्यांनी विचारलं नाही. मीही वाचून दाखवलं नाही. एरवी मी त्यांना प्रत्येक कागद वाचून दाखवत असे.

फॉर्म द्यायला गेले त्या दिवशी एजंट दुकानात नव्हता. मी लिफाफा बंद करून त्याच्या माणसाकडे दिला आणि मला हायसं वाटलं, हे मला नीट आठवतं.

पावसाळ्याच्या तोंडाला पासपोर्ट परत आले. दोन्ही कोरे. एजंट पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवून बोलला. "हे काय केलंत? तिथे कुणी हरवत नसतं, बाई. सरकारच्या हिशेबी तिथे एकही माणूस हरवलेला नाही. तुम्ही लिहून दिलंत की हरवलाय. आता हे नाव त्यांच्याकडे राहिलं."

"पुन्हा अर्ज केला तर?"

"एक वर्ष तरी थांबा. मग माझ्या हाताने भरून देईन."

मी सापगावला गेले. जाऊबाई परसात वालाचं बी निवडत होत्या. मी सांगितलं, "व्हिसा नाही मिळाला."

"का?"

"कारण देत नाहीत ते."

यातला शब्द न् शब्द खरा होता. पासपोर्टवर खरोखरच काही कारण लिहिलेलं नव्हतं.

त्या थोडा वेळ बी निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू एवढं केलंस. तुझा काय दोस?" आणि मला घेवड्याच्या शेंगा बांधून दिल्या.

वर्ष थांबलो. दोन हजार दोन उजाडलं, उन्हाळा गेला. मी एजंटाकडे गेले तर त्याने जथे थांबवले होते. पुन्हा लढाई होणार अशी बोलवा होती. "आता यात्रेचाही भरवसा नाही," म्हणाला. "गेल्या वर्षी गेला असतात तर गेला असतात."

भाद्रपद लागला. शेणव्याहून भटजी आले, दिवस ठरला. मी आदल्या दिवशीच सापगावला गेले होते. दिरांनी पळसाची पानं आणायला पुतण्यांना पाठवलं होतं. ओटीवर ते स्वतः मोजत बसले. पानं कमी भरली. त्यांनी आत हाक दिली, "बांधावरचा पळस तुझ्या पान्याच्या वाटंवरच हाय. थोडी घेऊन ये."

जाऊबाई चुलीपुढून उठल्या नाहीत. "मी नाय आननार."

"सबूद दिलाय गो मी."

"तुमी दिलाय. तुमी आना."

दीर पावसातच उठले, डोक्यावर इरलं न घेता गेले. परत आले तेव्हा धोतराच्या ओच्यात पानं होती. भिजलेली, मोठी, हिरवीगार. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली. पानांच्या माणसाला मुलाचा जुना सदरा घातला. नारळाच्या डोळ्यांवर कुणीतरी फडकं टाकलं.

नदीवर बायका जात नाहीत. आम्ही परसाच्या कडेला उभ्या होतो. धूर दिसायला फार वेळ लागला. मग दिसला, काळा, जड, वर न चढणारा. तिथे काय झालं ते दिरांनीच मला पुढे कधीतरी सांगितलं. पानं ओली होती, पेट घेईनात. तीनदा काडी लावली. शेवटी कुणीतरी रॉकेल आणलं. "मी त्याला म्हनलं, पेट घे रे बाबा, पेट घे," दीर म्हणाले. "आपल्याच पोराला असं सांगायची पाळी कुनावर येऊ नये." त्यानंतर त्यांनी भावकीच्या बैठकीत तोंड उघडलेलं मी पाहिलं नाही.

जाऊबाई धुराकडे बघत होत्या. एकदाच बोलल्या. "तिकडं त्याला काय वाटत आसंल आता? छातीत कळ आली आसंल का?"

पुढच्या वर्षी लढाई झालीच. जाऊबाई डोळ्यांच्या डॉक्टरकडे दाखवायला शहापूरला आल्या होत्या, एप्रिलमध्ये. औषध घालून त्या माझ्याकडे टेकल्या होत्या आणि मी टीव्ही लावला होता. बगदाद पडलं होतं. धूर, पुतळे, पळापळ. मग एका तुरुंगाबाहेरचं दृश्य आलं. फाटकापाशी माणसांची झुंबड, आणि काळ्या वस्त्रातली एक म्हातारी कॅमेऱ्यासमोर येऊन काहीतरी ओरडत होती. हिंदीत बातम्या देणारा स्वतःचंच बोलत होता, त्या बाईचं कुणी काही सांगत नव्हतं.

जाऊबाई डोळे मिटून बसल्या होत्या. म्हणाल्या, "ती पोराला इचारते."

"काय?"

"ऐक ना. वेन इब्नी, वेन इब्नी. पोर कुठं हाय म्हनते." आणि त्यांनी डोळे उघडले, औषधाने धूसर झालेले, आणि टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन त्या गर्दीत बघू लागल्या. दृश्य बदललं, जाहिरात लागली. तरी त्या तिथेच उभ्या होत्या.

तेव्हा मी सांगितलं. दोन वर्षं जे सांगितलं नव्हतं ते सगळं. एजंट काय म्हणाला होता, मी काय लिहिलं, त्याचं काय झालं. उभ्या उभ्याच सांगितलं. मी म्हटलं, "मला खोटं लिहवलं नाही, जाऊबाई. तुम्ही यात्रेला जात नव्हतात, म्हणून."

त्या वळल्या.

"कोन म्हनलं नव्हते?"

मी टीव्ही बंद केला.

"मी त्या पिराला नवस बोललेली. मुरबाडला त्या पोरानं सांगितलं त्याच दिवशी, एष्टीत. माझा ल्योक दाव, तुला चादर चढवीन. चादर घेऊन ठिवलीय पेटीत. तू बघितलीस की. दर्ग्यालाच चाललेले मी. खोटं नव्हतं ते. मला इचारायचं होतंस."

आवाज चढला नव्हता. मला बोलल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या, तर मला कुठेतरी धरायला मिळालं असतं. त्यांनी पिशवी उचलली. मी म्हटलं, "स्टँडवर सोडायला येते, डोळ्यांत औषध आहे." "रस्ता म्हाईत हाय मला," म्हणाल्या आणि गेल्या.

त्यानंतर लग्नाकार्यात भेटायच्या, चार शब्द बोलायच्या, जेवलीस का विचारायच्या. पण बाजाराच्या दिवशी माझ्याकडे आल्या नाहीत. भाजी विकून झाली की स्टँडवरच्या बाकड्यावर बसायच्या. मी खिडकीतून बघायची. एकदा खाली उतरून त्यांच्या शेजारी जाऊन बसले. दोघी एसटीची वाट बघत बसलो. एसटी आली, त्या चढल्या.

जाऊबाई वारल्या त्या वर्षी तुमची आई येऊ शकली नाही, तुमच्या परीक्षा होत्या. चौदाव्या दिवशी दिरांनी मला आत बोलावलं. पत्र्याची पेटी उघडली होती. दोन लुगडी, मुलाचा आयटीआयच्या ओळखपत्रावरचा फोटो, पासपोर्ट, आणि अगदी तळाशी ते हिरवं कापड, घडी न मोडलेलं. घडीत माझी सामानाची यादी होती, माझ्या नीटनेटक्या अक्षरात. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी जपून ठेवली होती.

दिरांनी कागद डोळ्यांजवळ धरला. त्यांना थोडं वाचता यायचं. बोट लावत लावत त्यांनी ती ओळ वाचली, "शाल, एक." मग कापड माझ्यापुढे केलं.

"नवीकोरी हाय. तूच घे मास्तरीण. थंडीची लागंल तुला."

"ती शाल नाही, दादा," मी म्हटलं.